चित्रपटाचे पारायण

एखादा चित्रपट फार आवडला आणि तो पुनःपुन्हा पाहिला, तर 'त्याची आम्ही पारायणे केली' असे मराठी माणूस सहज बोलून जातो. पुस्तकाविषयीही हाच शब्द वापरला जातो. पण कादंबरीच्या संदर्भात त्याला गौरवाची छटा असते, तर चित्रपटाच्या संदर्भात थोडी थट्टा, थोडी कबुली आणि काहीसे अपराधीपणही त्यात मिसळलेले असते. कथानक ठाऊक, शेवट ठाऊक, संवाद पाठ. तरीही त्याच चित्रपटासमोर पुन्हा दोन-अडीच तास बसणे हा वेळेचा अपव्यय होय, ही समजूत त्या थट्टेच्या तळाशी असते. आमच्या समीक्षेनेही ही समजूत फारशी तपासून पाहिलेली नाही. पुनर्दर्शनाला ती एक तर स्मरणरंजन म्हणून बाजूला सारते किंवा भाबड्या प्रेक्षकाचे लक्षण मानते. प्रस्तुत लेखात 'पारायण' हा शब्द थट्टेतून सोडवून घेऊन संज्ञा म्हणून वापरता येतो का, हे पाहावयाचे आहे.

समीक्षेत आपण ज्या आस्वादकाची कल्पना करतो, तो कलाकृतीसमोर कितव्यांदा आला आहे, हे आपण विचारत नाही. तो प्रथमच आलेला असतो तेव्हा त्याच्या उत्कंठेची, विस्मयाची, तादात्म्याची चर्चा होते. किंवा तो काळाच्या बाहेरच उभा असतो आणि कलाकृतीची सगळी अंगे त्याला एकाच वेळी दिसत असतात. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मध्ये संवाद, विरोध आणि समतोल या लयींच्या आधारे कलाकृतीच्या घटनेची जी मांडणी केली, तिचा आस्वादक या दुसऱ्या प्रकारचा आहे. संपूर्ण आकृती हाती आल्याखेरीज कोणतीही लय लय म्हणून पुरती प्रतीत होत नाही. आणि चित्रपटासारख्या कालिक कलेत संपूर्ण आकृती हाती येते ती पडदा पांढरा झाल्यावर. म्हणजे मर्ढेकरांचा आस्वादक हा वस्तुतः दुसऱ्यांदा आलेला आस्वादक आहे. त्याच्या या दुसऱ्या येण्याची नोंद मात्र त्या सिद्धान्तात नाही.

मराठी काव्यशास्त्रात 'पुनःप्रत्ययाचा आनंद' ही संज्ञा रूढ आहे आणि ती येथे उपयोगी पडावी असे प्रथमदर्शनी वाटते. पण तिचा रूढ अर्थ वेगळा आहे. जीवनात घेतलेल्या अनुभवाचा प्रत्यय साहित्यात पुन्हा येणे, असा तो अर्थ. आवडता चित्रपट पाचव्यांदा पाहणाऱ्याला कशाचा पुनःप्रत्यय येतो? जीवनातील अनुभवाचा तर येतोच. पण त्याहून अधिक स्पष्टपणे येतो तो त्याच चित्रपटाच्या आधीच्या दर्शनांचा. कलेचा अनुभव हाच येथे जीवनातील अनुभव होऊन बसलेला असतो. न. चिं. केळकरांची 'सविकल्प समाधी' या ठिकाणी अधिक जवळची वाटते. दुसऱ्याच्या भूमिकेत शिरूनही स्वतःचे भान न सुटणे, असे तिचे स्वरूप केळकरांनी सांगितले. पहिल्या दर्शनात या शब्दजोडीतील 'समाधी'चा भार अधिक असतो, पुनर्दर्शनात 'सविकल्प' या विशेषणाचा. पडद्यावर नायक संकटात सापडतो, तेव्हा आपण त्याच्याबरोबर असतो आणि मागे कधीतरी त्याच्याबरोबर असलेल्या स्वतःकडेही पाहत असतो.

उत्कंठा गेल्यावर काय उरते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे जब्बार पटेल यांचा 'सामना'. विजय तेंडुलकरांची पटकथा असलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखवला गेला. साखर कारखान्याच्या जोरावर उभ्या राहिलेल्या हिंदुराव धोंडे पाटलाच्या राज्यात एक दारूबाज मास्तर येतो आणि मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, हे विचारत राहतो. प्रथम पाहताना आपणही मास्तराबरोबर तेच विचारत असतो. चित्रपट जवळजवळ रहस्यकथेसारखा पुढे सरकतो. पुन्हा पाहताना उत्तर आपल्यापाशी असते. मग लक्ष जाते ते हे उत्तर ज्यांना आधीपासून ठाऊक होते त्यांच्याकडे. ही माणसे जेवतात, हसतात, पाहुण्यांची सरबराई करतात. पहिल्या वेळी जी केवळ पार्श्वभूमी होती, ती दुसऱ्या वेळी चित्रपटाचा विषय होते. आणि उत्तर ठाऊक असूनही खुर्चीत स्वस्थ बसलेला आणखी एक जण तेथे असतो. तो म्हणजे प्रेक्षक. जिज्ञासा ही आस्वादाची पहिली पायरी असेल. पण ती कधी कधी आपल्या आणि कलाकृतीच्या मध्येही उभी राहते.

आता 'पारायण' या शब्दाकडे वळू. जनाबाईंच्या गंगाखेडच्या परिसरात, किंबहुना परभणी जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत, सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण होते. तेथे व्यासपीठासमोर बसलेल्या वाचकांपैकी कोणालाही पुढच्या ओवीत काय आहे याची उत्सुकता नसते. नवे काही कळावे म्हणून पारायणाला कोणी बसत नाही. ते ठरलेल्या काळात, ठरलेल्या जागी, चार जणांच्या सोबतीने आदीपासून अंतापर्यंत करावयाचे असते. आवडता अध्याय तेवढा वाचून उठता येत नाही. नावडता, अवघड, कंटाळवाणा भागही त्याच स्वरात ओठांवरून जावा लागतो. आणि तरीही, किंवा त्यामुळेच, एखादी ओवी एखाद्या वर्षी अचानक अंगावर येते. ओवी तीच असते. त्या वर्षी घरात काहीतरी घडलेले असते. अभिनवगुप्ताने सहृदयाचे लक्षण सांगताना काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे म्हटले आहे. हा अभ्यास अनेक काव्यांचा, की एकाच काव्याचा अनेकदा, हे तेथे विचारलेले नाही. आमच्या गावांतले उत्तर दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचे आहे.

ज्या चित्रपटांची अशी पारायणे झाली, त्यांत 'संत तुकाराम' (१९३६) हा अग्रगण्य म्हणावा लागेल. दामले आणि फत्तेलाल यांनी 'प्रभात'साठी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईत एकाच चित्रपटगृहात वर्षभराहून अधिक चालला, १९३७ च्या व्हेनिस महोत्सवात त्याचा गौरव झाला, आणि नंतर कित्येक दशके जत्रांतल्या तंबूंतून तो फिरत राहिला. पडद्यावर विष्णुपंत पागनीस दिसताच प्रेक्षक हात जोडत. या प्रेक्षकाला भाबडा म्हणणे सोपे आहे. पण त्याला तुकारामाची कथा चित्रपटाच्या आधीपासून ठाऊक होती. म्हणजे पहिल्यांदा पाहतानाही तो एका अर्थाने पुन्हाच पाहत होता. कीर्तनात ऐकलेले आख्यान चित्रात ओळखणे हा त्याचा आनंद होता. शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी रचलेले 'आधी बीज एकले' हे पद तुकोबांचाच अभंग म्हणून महाराष्ट्रभर गायले गेले, ही गोष्टही या ओळखीच्या बळावरच घडली. गीता कपूर यांच्यासारख्या अभ्यासकांनी या चित्रपटातील प्रतिमेच्या सन्मुखतेविषयी, तिच्या दर्शन देणाऱ्या स्वभावाविषयी जे लिहिले आहे, ते मोलाचे आहे. माझा मुद्दा थोडा वेगळा आहे.

लहानपणी हा चित्रपट पाहणारा चमत्कारांची वाट पाहतो. इंद्रायणीतून वह्या केव्हा वर येतील, धान्य केव्हा दिसेल, एका शिवाजीचे अनेक शिवाजी केव्हा होतील आणि शेवटी विमान केव्हा उतरेल, एवढेच त्याच्या लेखी महत्त्वाचे. मधली जिजाई म्हणजे अडथळा. ती ओरडते, भांडते, संताला संतपणाने राहू देत नाही. पुढे केव्हातरी, चौथ्या किंवा सहाव्या वेळी, चित्रपटाचे केंद्र सरकते. वह्या पाण्यावर येताना पाहून आता फार काही होत नाही. तंत्र कळलेले असते, मनात त्याविषयी कौतुकच असते. पण घरात दाणा नाही, पोर आजारी आहे आणि जिजाई एका हाताने पोराला ओढीत, दुसऱ्या हातात वहाण घेऊन थेट विठ्ठलासमोर जाते, तेव्हा अंगावर काटा येतो. ही भूमिका करणाऱ्या गौरी या 'प्रभात'मध्ये आधी झाडलोटीच्या कामाला होत्या, हे आपल्याला मधल्या काळात कुठेतरी वाचून ठाऊक झालेले असते. मग त्यांच्या हातापायांच्या हालचालींतला, भांडे उचलण्यातला, म्हशीशी बोलण्यातला खरेपणा वेगळ्या तऱ्हेने दिसू लागतो. शिवाजीमहाराजांकडून आलेला नजराणा तुकाराम परत पाठवतो, तो प्रसंग तर पूर्णपणे उलटतो. लहानपणी तो निःस्पृहतेचा विजय वाटला होता. आता अंगावर घातलेले दागिने उतरवावे लागणारी पोरे आणि त्यांची आई दिसते. तुकाराम चुकला असे चित्रपट म्हणत नाही, आपणही म्हणत नाही. पण त्या घराची किंमत कोणी मोजली, हे दिसल्यावाचून राहत नाही. शेवटी विमान वर जाते आणि जिजाई खाली राहते. लहानपणी माझी दृष्टी विमानाबरोबर वर गेली होती. हल्ली ती खालीच राहते.

या दोन दर्शनांपैकी खरे कोणते? दुसरे अधिक प्रौढ, म्हणून अधिक खरे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण मला ते मान्य नाही. जिजाईवरून दृष्टी खिळते, ती पहिल्या वेळी विमानाबरोबर वर गेली होती म्हणूनच. वैकुंठाचा मोह ज्याला कधीच पडला नाही, त्याला खाली राहण्याचे दुःखही पुरते कळणार नाही. चित्रपटाने दोन्ही एकाच चौकटीत ठेवलेले आहे. एका बैठकीत आपल्याला त्यांतले एकच उचलता आले, एवढेच.

कीर्केगार्डच्या 'पुनरावृत्ती' (१८४३) या ग्रंथातला निवेदक, पुनरावृत्ती शक्य आहे का हे अजमावण्यासाठी, बर्लिनला दुसऱ्यांदा जातो. तेच बिऱ्हाड, तेच नाट्यगृह, तोच विनोदी नट. पण पूर्वीचे हसू काही परत येत नाही आणि तो निराश होऊन परततो. नाटकाच्या बाबतीत या अपयशाचा दोष नटावर, प्रयोगावर, त्या रात्रीच्या श्रोत्यांवर ढकलता येतो. तमाशातही वग तोच असला तरी सोंगाड्या समोरचा फड पाहून बतावणी बदलतो, कीर्तनकार श्रोत्यांचा नूर पाहून दृष्टान्त लांबवतो. चित्रपटाला हे शक्य नाही. पागनीसांचे १९४३ मध्ये निधन झाले. त्यानंतर जन्मलेल्या दोन पिढ्यांसाठीही त्यांनी मान त्याच क्षणी, तेवढीच तुकवली. पडद्यावर काहीच बदलत नाही, म्हणून जे बदलले आहे ते बदलले आहे हे नाकारायला जागा उरत नाही. पुनर्दर्शनाच्या आनंदात जी एक हुरहूर असते ती येथून येते. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यन्ताला कारण न कळणारी उत्कंठा वाटते, तिचीच ही धाकटी बहीण. फरक इतकाच, की आपल्याला कारण माहीत असते.

अर्थात चित्रपट 'तोच' राहतो हे विधान तंबूतल्या सिनेमाला पूर्णपणे लागू पडत नाही, हे मान्य केले पाहिजे. आमच्या भागातील जत्रांत आणि उरुसांत येणाऱ्या पट्ट्या वर्षानुवर्षे चालून झिजलेल्या असत. पावसाच्या धारांसारखे ओरखडे, मध्येच तुटलेला संवाद, जोडताना गळून गेलेली पाच-दहा चित्रे, क्वचित एखादे रीळच मागचे पुढे. दरवर्षी चित्रपट थोडा थोडा कमी होत जाई आणि प्रेक्षक ती तूट पाठांतराने भरून काढीत. पुढे दूरदर्शनवर 'पिंजरा' पाहताना मला त्यातला एक प्रसंग अगदीच परका वाटला होता. तंबूतल्या प्रतीत तो कधी नव्हताच. उलट, जे दृश्य मी शपथेवर सांगू शकलो असतो, ते कोठेच सापडले नाही. स्टॅन्ले कॅव्हेलने 'द वर्ल्ड व्ह्यूड' (१९७१) हे चित्रपटविषयक पुस्तक बव्हंशी स्मरणाच्या आधारे लिहिले. चित्रपट पुन्हा हवा तेव्हा पाहता येत नव्हता, त्या काळाची समीक्षा अशीच होती, आणि प्रेमही असेच होते. आवडता चित्रपट वर्षातून एकदा, देव यात्रेला यावा तसा येई. तो यावा म्हणून आपल्याला काही करता येत नसे.

आज तो हवा तेव्हा येतो. ध्वनिचित्रफिती आल्या, मग वाहिन्या आल्या, आता तो खिशातल्या दूरध्वनीवर आहे. यात हळहळण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही; झिजलेल्या पट्टीचे गोडवे गाणे हा निव्वळ ढोंगीपणा ठरेल. पण एक फरक नोंदवला पाहिजे. सचिन यांच्या 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मधील प्रसंग आमच्या पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांना तोंडपाठ आहेत. कोणी एक शब्द उच्चारला की बाकीचे वाक्य पुरे करतात. विचारल्यावर मात्र असे आढळले की त्यांच्यापैकी निम्म्याहून अधिकांनी तो चित्रपट आरंभापासून शेवटपर्यंत एकदाही पाहिलेला नाही. तुकडे पाहिले आहेत, शेकडो वेळा. यात नवे काही नाही असेही म्हणता येईल. 'शोले'च्या (१९७५) संवादांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या आणि त्या ऐकत हॉटेलांत माणसे चहा पीत बसत. पण त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मनात सबंध चित्रपट होता. ध्वनिमुद्रिका त्याची आठवण करून देई. संगीतात समेवर श्रोता मान डोलावतो. सम येणार हे त्याला ठाऊक असतेच. ती कशी येते याचा तो आनंद असतो, आणि त्यासाठी आवर्तन भरावे लागते. चोवीस तास समच वाजत राहिली तर ती सम राहत नाही, नुसता ठोका होतो. 'बनवाबनवी'तला विनोद घर न मिळणाऱ्या चार तरुणांच्या लाचारीवर उभा आहे. हे भाडेकरूंचे दैन्य तुकड्यांत येत नाही, साड्या नेसलेले पुरुष तेवढे येतात. लक्ष्मीकांत बेर्डे आणि अशोक सराफ यांच्या अभिनयातील वेळेचे भान कळायलाही मधला कंटाळा सोसावा लागतो. पारायण आणि उतारा यांतला हा भेद आहे.

येथवर मी पुनर्दर्शनाची बाजू घेतली. पण या बाजूला एक अवघड कोपरा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' (१९७२) हा मराठवाड्यात अतोनात पाहिला गेलेला चित्रपट. शंकर पाटलांचे संवाद, जगदीश खेबुडकरांची गीते, राम कदमांचे संगीत, आणि श्रीराम लागू यांचा रुपेरी पडद्यावरचा प्रवेश. गावाला सुधारणारा आदर्श गुरुजी तमाशाच्या फडाला विरोध करतो, चंद्रकलेच्या मोहात पडतो आणि अखेर त्याच फडात तुणतुणे घेऊन उभा राहतो. गावाच्या लेखी तो मेलेला आहे, पूजनीय झालेला आहे. आणि स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो, तेव्हा आपला आदर्श जिवंत राहावा म्हणून तो गप्प राहतो. प्रथम पाहताना ही गुरुजीची शोकात्मिका आहे. पुन्हा पाहताना लावण्या अधिक गोड लागतात आणि कथा अधिक अडचणीत आणते. स्त्रीचे शरीर म्हणजे पिंजरा, तमाशा म्हणजे अधःपात, आणि तरीही चित्रपटाचे सारे वैभव त्याच शरीराच्या आणि त्याच तमाशाच्या जिवावर. ज्या कलेला पडद्यावर दोषी ठरवायचे, तिच्यावरच तिकीट विकायचे. पहिल्या वेळी आपण या सौद्यात नकळत सामील असतो. पाचव्या वेळी जाणूनबुजून. 'सामना' पाहून आल्यावर तर लागूंचा हा मास्तर आणि तो दारूबाज मास्तर एकमेकांत मिसळू लागतात, आणि आदर्श टिकवण्यासाठी पत्करलेल्या मौनाविषयीही संशय येतो. गावाला खोटा पुतळा हवा आहे म्हणून खऱ्या माणसाने मरावे, याला त्याग म्हणावे की गावाची फसवणूक?

हे सगळे कळूनही ढोलकी सुरू झाली की पाय ठेका धरतो. आस्वाद आणि मूल्यनिर्णय यांची फारकत करून या पेचातून सुटता येते. पण ती सुटका पुस्तकी आहे. आवडीचा चित्रपट आपल्याला अमान्य असे काही सांगत असेल, तर आवड सोडावी की मत, असा हा प्रश्न नाही. पुनर्दर्शनात दोन्ही एकाच बाकावर येऊन बसतात आणि कोणीच उठून जात नाही. पहिल्या वेळचा तो मुलगा, जो केवळ रंगांनी दिपला होता, त्याला मी आज शहाणपण शिकवू शकत नाही. त्यालाही माझ्या आक्षेपांनी आनंद सोडून देता येत नाही.

काही वर्षांपूर्वी वर्गात 'पिंजरा' दाखवला, तेव्हा एका विद्यार्थिनीने चर्चेच्या अखेरीस विचारले, "सर, तुम्ही एवढे दोष सांगितले, मग गाणं लागलं तेव्हा तुमचे डोळे का भरून आले?" वर्ग हसला. मी काहीतरी पारिभाषिक उत्तर दिले, ते तिला पटले नाही हे दिसत होते. पुढच्या वर्षी तोच चित्रपट पुन्हा लावला, तेव्हा ती आपणहून आली आणि मागच्या बाकावर बसली. या वेळी तिने काही विचारले नाही. चंद्रकलेची पहिली लावणी सुरू झाली तेव्हा मी मागे वळून पाहिले. ती पडद्याकडे पाहत नव्हती, शेजारी बसलेल्या, प्रथमच पाहणाऱ्या मुलींकडे पाहत होती.